ओळखलंत का, हवालदार?

हडपसरच्या निवृत्त हवालदार जयसिंगराव शेवाळ्यांनी पंच्याहत्तरी उलटली तरी पाठीला बाक येऊ दिला नव्हता. सोसायटीच्या आवारात ते सकाळी फेऱ्या मारू लागले की खालच्या मजल्यावरच्या बायका आपापल्या पोरांना दटावायच्या, आजोबा बघ कसे ताठ चालतात, नाहीतर तू. हे जयसिंगरावांच्या कानावर पडायचं आणि मान आणखी थोडी वर जायची. लष्करातून घरी आणलेला हा एकच दागिना, असं त्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणत, आणि तोही मेला मोडता येत नाही. आनंदीबाईंना जाऊन आता काही वर्षं झाली होती. तेव्हापासून त्यांच्या ताठपणाला नावं ठेवणारंही घरात कुणी उरलं नव्हतं.

सोसायटी उभी होती ती शेवाळ्यांच्याच रानात. जिथे आता गाड्या लागतात तिथे पूर्वी ऊस होता. बिल्डरनं जमिनीच्या बदल्यात जे फ्लॅट दिले त्यातल्या एकात जयसिंगराव राहत आणि समोरच्या दारात त्यांचा मुलगा संभाजी. सून प्रेमला दोन्ही वेळा झाकलेलं ताट आणून ठेवायची. म्हातारा एकटा राहतो असं कुणाला म्हणता येऊ नये इतकं जवळ, आणि म्हाताऱ्याशी बोलत बसावं लागू नये इतकं लांब, असा तो सगळा बेत होता. त्यात वाईट कुणीच नव्हतं. प्रेमलाच्या ताटातली भाजी कधी आळणी नसायची. फक्त जयसिंगरावांनी "आमच्या सेंटरला असताना" एवढं म्हटलं की संभाजीला फोन यायचा आणि प्रेमला हसत म्हणायची, झाली परेड सुरू.

तिचं तरी काय चुकलं म्हणा. लग्न होऊन आल्यापासून ती तीच परेड ऐकत आली होती.

जयसिंगराव खडकीच्या लष्करी सेंटरला रंगरूट म्हणून भरती झाले ते चौसष्ट साली. हडपसरहून खडकी ती काय लांब, पण घरच्यांनी त्यांना असा निरोप दिला होता की जणू पोरगं सातासमुद्रापलीकडे निघालंय. पहिल्या दिवशी न्हाव्यानं डोक्यावरून मशीन फिरवलं आणि सगळी पोरं एकसारखी दिसायला लागली. मग उस्ताद, म्हणजे शिकवणारे हवालदार, यांनी त्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. उंच उजवीकडे, बुटके डावीकडे. जयसिंगराव अख्ख्या प्लाटूनमध्ये उंच, तेव्हा त्यांची जागा उजव्या टोकाला. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघून रांग धरायची आणि त्यांनी कुणाकडेच बघायचं नाही.

बराकीतल्या खाटाही त्याच क्रमानं लागल्या. जेवणाची रांग तशीच, रायफल घ्यायची रांग तशीच. सैन्यात दोस्ती मन बघून होत असेल असं लोकांना वाटतं. ती उंची बघून होते. जयसिंगरावांच्या शेजारी फुरसुंगीचा गेनबा, मग सासवडचा बजरंग, मग पेठेतला दिगंबर. हे चौघे वर्षभर एकमेकांच्या घामाचा वास घेत झोपले, एकत्र रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत, खाल्ला, एकाच बादलीत कपडे भिजवले. बराकीच्या दुसऱ्या टोकाला, न्हाणीजवळ, डावीकडची मंडळी असायची. त्यांचा आवाज यायचा, हसणं यायचं. त्यापलीकडे जयसिंगरावांना त्यांची माहिती नव्हती, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती.

त्यांचा खरा थाट असायचा तो संध्याकाळी, गार्ड बदलायच्या वेळी. प्रत्येक प्लाटून त्या वेळी आपला एक माणूस सजवून पाठवायची. तपासणी करणारा सुभेदार जो सगळ्यांत चकचकीत दिसेल त्याला निवडायचा. त्याला म्हणायचे स्टिकमॅन. त्याच्या हातात रायफलीऐवजी वेताची छडी यायची, रात्रीचा पहारा माफ व्हायचा, दिवसभर साहेबांचे निरोप पोचवायचे एवढंच काम. पण पहारा चुकवण्यासाठी कुणी एवढं जिवाचं रान करत नसे. प्रश्न प्लाटूनच्या नाकाचा होता, आणि त्या प्लाटूनचं नाक म्हणजे जयसिंगराव.

खळ घालून फळकुटासारखी कडक केलेली पँट घालायची म्हणजे ट्रंकेवर उभं राहायचं आणि दोघांनी ती खालून धरायची. एकदा चढवली की बसायचं नाही, वाकायचं नाही, खोकायचं तेसुद्धा जपून. बराकीपासून मैदानापर्यंतचा रस्ता धुळीचा. त्यावरून चालत गेलं तर तासन्‌तास घासलेल्या बुटांची माती व्हायची. म्हणून प्लाटूनची पोरं आपल्या माणसाला उचलून न्यायची. दोघे गुडघ्यांखाली हात घालायचे, दोघे कोपरांना आधार द्यायचे, आणि उभ्याचा उभा माणूस वर. विसर्जनाच्या गणपतीसारखे जयसिंगराव डुलत डुलत निघायचे. मागून कुणीतरी हळूच मोरया म्हणायचं आणि उस्ताद ऐकू न आल्यासारखं करायचे.

वर गेलेल्या माणसानं नजर समोरच्या झेंड्याच्या काठीवर ठेवायची. खाली बघायचं नाही, कारण मान वाकली की कॉलरची घडी मोडते. त्यामुळे आपल्याला कोण उचलतंय, पायाशी कोण धावतंय, हे त्याला दिसायचं नाही. जयसिंगरावांनी त्या वर्षात काठी तेवढी पाहिली, आणि छडी बहुतेक वेळा जिंकली.

पुढे त्याच उंचीच्या जोरावर ते मानवंदनेच्या गार्डमध्ये उभे राहिले. विमानतळावर परदेशी पाहुणे उतरले की, कॅम्पातल्या युद्धस्मारकावर फुलं वाहायची असली की, पहिल्या रांगेत जयसिंगराव ठरलेले. उन्हात तासभर पुतळ्यासारखं उभं राहायचं. बुटात पायाची बोटं हळूहळू हलवत राहायची, म्हणजे रक्त फिरतं आणि माणूस पडत नाही. भुवईवर माशी बसली तर बसू द्यायची. बजरंग एकदा पाहुण्यांसमोर ओंडक्यासारखा आडवा झाला, आणि शिस्त अशी की त्याला कुणी हात लावायचा नाही. समारंभ संपेपर्यंत तो तिथेच. ही गोष्ट चौघे पुढे पन्नास वर्षं सांगत होते आणि दर वेळी बजरंग जास्त वेळ पडून राहायचा.

ते सांगणं चालायचं कॅन्टीनच्या दिवशी. महिन्यातून एकदा लष्करी कॅन्टीनमधून साबण, तेल, चहापत्ती आणायला चौघे एकाच वेळी जात आणि पिशव्या पायाशी ठेवून बाहेरच्या झाडाखाली बसत. आधी बजरंग गेला. करोनात गेनबा गेला. त्याला तर शेवटचं बघताही आलं नाही. दिगंबर दिवाळीनंतर झोपेत गेला. त्याच आठवड्यात कॅन्टीनचा दिवस आला. जयसिंगराव एकटेच गेले, साबण घेतला, आणि झाडाखाली न बसता घरी आले. घरी आल्यावर त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. लढाईत वाटली होती तशी नव्हे, वेगळीच. आपण अठरा वर्षांचे होतो ही गोष्ट आता जगात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, अशी.

त्यानंतर एक गोष्ट मात्र झाली. दिगंबरच्या तेराव्याला पेठेत गेले असताना जेवणाच्या पंगतीबाहेर एक ठेंगणे, पांढरी दाढी नीट कातरलेले गृहस्थ त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"ओळखलंत का, हवालदार?"

"आरं, न वळखायला काय झालं," जयसिंगराव म्हणाले. आपल्याकडे या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं.

"युसूफ. डावीकडून पहिला."

जयसिंगरावांनी त्यांना मिठी मारली आणि मिठीत असतानाच डोक्यात शोधाशोध सुरू केली. प्लाटूनमध्ये मुसलमान पोरं दोन होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यातल्या एकाला ते कधीच विसरले नव्हते. मोठ्या साहेबांच्या तपासणीच्या दिवशी, ट्रंकेवरून उतरायच्या ऐन वेळी जयसिंगरावांच्या पट्ट्याचा पितळी हूक तुटला होता. तेव्हा त्या पोरानं एक शब्द न बोलता स्वतःचा पट्टा काढून त्यांच्या कमरेला बांधला आणि तुटका पट्टा स्वतः सुतळीनं बांधून परेडला उभा राहिला. त्याला त्याबद्दल पाठीवर बोजा घेऊन मैदानाला चकरा मारायला लागल्या. आभार मानायचे राहूनच गेले होते. त्याचं नाव काय, चेहरा कसा, हे काळाच्या ओघात पुसलं गेलं, पट्टा तेवढा राहिला. तोच हा, जयसिंगरावांनी ठरवून टाकलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

युसूफभाई नोकरी संपवून मंडईमागच्या बोळात वडिलांच्या छत्र्या-बॅगा दुरुस्तीच्या दुकानात बसले होते. आता दुकान मुलगा रियाज बघत होता आणि ते येरवड्याला त्याच्याकडे राहत. पुढच्याच रविवारी ते बस बदलत बदलत हडपसरला आले. मग दर रविवारी येऊ लागले.

ते रविवार म्हणजे जयसिंगरावांना पुन्हा कुणी वर उचलल्यासारखेच होते. युसूफभाईंची आठवण दांडगी. जयसिंगराव स्वतः विसरलेले जयसिंगराव ते एकेक करून बाहेर काढायचे. पहिल्या आठवड्यात तुम्ही झोपेत बैल वळवायचात, ते सांगत, हो हो म्हणत हात हलवायचात आणि सगळी बराक जागी व्हायची. घरून आलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचे तुकडे करून वाटायचात, पण उजवीकडूनच वाटत यायचात आणि मध्येच संपायचे. पोहायच्या तलावाला तुम्ही जाम घाबरायचात. जयसिंगराव मांडीवर थाप मारून हसायचे, व्हय व्हय म्हणायचे, डोळे पुसायचे. प्रेमला चहा घेऊन आली की ते मोठ्यांदा म्हणायचे, ऐक, मी एकटाच न्हाई सांगत.

शनिवारी ते शर्टाला स्वतः इस्त्री करायचे. रविवारी बसची वेळ झाली की गॅलरीत उभे राहायचे. एखादे दिवशी बस चुकून युसूफभाईंना उशीर झाला तर खाली फाटकापर्यंत जाऊन यायचे. हा शेवटचा, हे त्यांना पुरतं कळत होतं. हा गेला की मग आपण नुसते सोसायटीतले ताठ चालणारे आजोबा.

कधीकधी युसूफभाई बोलता बोलता थांबायचे आणि विचारायचे, "आणि मी? मी तेव्हा कुठे होतो, आठवतं?"

"तू बी होतासच की," जयसिंगराव म्हणायचे, आणि पुढचं विचारायचे.

गुढीपाडवा जवळ आला तसं जयसिंगरावांच्या मनानं घेतलं की त्या पट्ट्याचं ऋण आता फेडायचं, आणि ते नुसतं तोंडी नाही. सत्कार करायचा. शाल आणि नारळ, रीतसर. आपल्या लोकांना कुणाबद्दल काही वाटलं की शाल पांघरल्याशिवाय ते पोचतच नाही; जयसिंगरावही त्याच मातीतले. त्यांनी स्वतः लक्ष्मी रोडला जाऊन शाल पसंत केली. संभाजीला फोन बंद ठेवायला लावला. प्रेमलानं शिरा केला. रविवारी युसूफभाई आले तेव्हा बैठकीतली मधली खुर्ची रिकामी ठेवलेली आणि शेवाळ्यांचं घर ओळीनं उभं. हे काय, हे काय, म्हणत ते बसले. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांना वाटलं असावं, अखेर आठवलं.

जयसिंगरावांनी शाल पांघरली, नारळ हातात दिला आणि घसा साफ करून बोलायला उभे राहिले. त्यांनी तपासणीचा दिवस सांगितला, तुटलेला हूक सांगितला, सुतळी सांगितली, चकरा सांगितल्या. प्लाटूनची इज्जत त्या दिवशी या माणसानं राखली, ते म्हणाले, आणि मी त्याला साधं शाब्बास म्हणालो नाही; ते आज म्हणतो. संभाजीनं टाळ्या वाजवल्या. तोही पहिल्यांदाच ऐकत होता आणि त्याला खरोखर भरून आलं होतं.

युसूफभाई खाली नारळाकडे बघत होते. टाळ्या संपल्यावर ते म्हणाले, "पट्टा हुसेननं दिला होता."

कुणाला काही कळलं नाही.

"हुसेन. लोहियानगरचा. एकाहत्तरला सुरुंग काढताना गेला तो." त्यांनी नारळ टीपॉयवर ठेवला, खांद्यावरची शाल काढली आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून, सेंटरला शिकवतात तशी, तिची चौकोनी घडी घातली. "प्लाटूनमध्ये आम्ही दोघेच होतो, जयसिंगराव. दोघांतला एक चुकणं सोपं आहे."

आवाज चढलेला नव्हता. त्यांनी शिरा खाल्ला, प्रेमलाला छान झालाय म्हणाले, चहा घेतला, आणि नेहमीपेक्षा आधीच्या बसनं गेले. शालीची घडी टीपॉयवर राहिली. संभाजी म्हणाला, जाऊ द्या बाबा, इतकी वर्षं झाली, होतं असं. जयसिंगरावांनी त्याला समोरच्या घरी जायला सांगितलं.

पुढच्या रविवारी युसूफभाई आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की उचलायचे, सौजन्यानं बोलायचे, गुडघा दुखतोय म्हणायचे. गुडघा कुणाचा दुखत नाही या वयात, पण तो काही शाल पांघरल्यानं दुखायला लागत नाही, इतकं जयसिंगरावांनाही कळत होतं.

मग त्यांनी आठवायला सुरुवात केली. फेऱ्या मारणं सोडून ते गॅलरीत डोळे मिटून बसायचे आणि मनातल्या मनात प्लाटून उभी करायचे. उजवीकडून आपण, शेजारी गेनबा, त्याचे पुढे आलेले दात. बजरंग, दिगंबर. त्याच्यापुढे तो हसरा कोल्हापूरकडचा, मग देवीचे व्रण असलेला एक. रांगेच्या मध्यापर्यंत चेहरे यायचे. तिथून पुढे नुसत्या टोप्या. डाव्या टोकापर्यंत टोप्याच टोप्या, आणि टोपीखाली काही नाही. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. प्रेमला ताट ठेवून जायची ते तसंच झाकलेलं राहायचं. एकदा तिनं विचारलं, बाबा, कुणाला शोधताय? माणूस शोधतोय आणि तो सापडत नाही हे सुनेला सांगण्यासारखं वाटलं नाही त्यांना. विचारायला दुसरं कुणी नव्हतं. ज्याला विचारावं असा एकच होता आणि त्याच्याबद्दलच विचारायचं होतं.

शेवटी त्यांनी एक सरळ निर्णय घेतला. उस्ताद शिकवायचे, चुकलं तर चुकलं म्हणायचं, पाय बदलून पुन्हा चालायला लागायचं. जाऊन खरं सांगायचं. खरं बोलल्यावर माणूस माफ करतो, असा त्यांचा आयुष्यभराचा समज होता. ते सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून निघाले आणि रिक्षा करून येरवड्याला पोचले. रियाजचं घर शोधायला फार त्रास झाला नाही, जिन्याचा झाला. दार सून नसीमबानूनं उघडलं. अब्बा आतल्या खोलीत आहेत, ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग आली.

युसूफभाई खिडकीपाशी सतरंजीवर बसून एका छत्रीची तुटलेली काडी बसवत होते. त्यांनी उठायला हात टेकला, जयसिंगरावांनी नको नको केलं आणि समोरच्या स्टुलावर बसले. पाणी प्यायले. नसीमबानू गेली.

"युसूफ, खरं सांगायला आलोय," ते म्हणाले. "मला तू आठवत न्हाईस."

युसूफभाईंनी तार वळवली, चिमट्यानं दाबली.

"तेराव्याला वळखलं म्हणालो ते बी खोटं. लई प्रयत्न केला ह्या महिन्यात. तुला फसवून ठेवायचं न्हाई म्हणून आलो."

"काहीच नाही?"

"न्हाई."

"लंगरमध्ये जेवताना? तलावावर? शपथ घेतली त्या कसम परेडला?"

जयसिंगरावांनी मान हलवली. इतकं स्वच्छ खरं बोलल्यावर मन हलकं व्हायला हवं होतं. ते होत नव्हतं.

युसूफभाईंनी छत्री बाजूला ठेवली. "निदान खोटं तरी नीट बोलायचंत," ते म्हणाले.

खालच्या गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. जयसिंगरावांना वाटलं उठावं, पण ते उठले नाहीत. आता उठलं तर परत यायला तोंड राहणार नाही, हे त्यांना दिसत होतं.

युसूफभाई बोलायला लागले तेव्हा त्यांचा सूर रागाचा नव्हता. ते म्हणाले की तुम्हाला चौघे उचलायचे ते तुम्हाला ठाऊक आहे, पाचवा ठाऊक नाही. माझी उंची पुरायची नाही म्हणून मला उचलायला घेत नसत. मी पुढे धावायचो. तुम्हाला जिथे उतरवायचे तिथे माझं फडकं अंथरलेलं असायचं, तुमचे पाय त्यावर टेकायचे. मग मी दोन्ही बुटांची टोकं पुसायचो, फडकं ओढून घ्यायचो आणि सुभेदार यायच्या आत पळायचो. वर्षभर. तुम्ही छडी जिंकलात की मला वाटायचं मी जिंकलो. न्हाणीपाशी आम्ही डावीकडची पोरं नाचायचो. तुम्हाला ऐकू आलं असेल.

"आवाज यायचा," जयसिंगराव म्हणाले.

"तुम्ही खाली बघायचा नाहीत. बघायचं नसतंच तेव्हा. त्याचं मला तेव्हा कधी वाईट वाटलं नाही." युसूफभाईंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पण हडपसरला मी काय लाडवांच्या गोष्टी सांगायला येत होतो का? घरात मी अब्बा, बोळात मी चाचा. रियाजची अम्मी हुस्नबानू लग्न होऊन आली तेव्हा मी फौजी होतो, मिशीवाला. त्याच्या आधीचं पोरगं पाहिलेला माणूस कुठे राहिलाय? हुसेन गेला. डावीकडचे सगळे गेले. दिगंबर गेल्याच्या बातमीखाली तुमचं नाव वाचलं आणि वाटलं, चला, एक आहे. दर रविवारी वाटायचं, आज म्हणतील, युसूफ, तू असा होतास. एवढंच ऐकायला दोन बस बदलून यायचो मी."

आपण इतके दिवस ज्या भीतीनं गॅलरीत उभे राहत होतो तीच भीती घेऊन समोरचा माणूस बसनं येत होता, आणि आपण त्याच्या हातातलं सगळं घेऊन त्याला रिकामं परत पाठवत होतो, हे जयसिंगरावांना आत्ता कळत होतं. आपलं अठरावं वर्ष या माणसाकडे सुखरूप होतं. त्याचं कुणाकडेच नव्हतं.

"मग तूच सांग," ते कसंबसं म्हणाले. "तू कसा होतास, सांग मला. मी ध्यानात ठेवीन."

"मी सांगून काय उपयोग? ते मला माहीतच आहे."

नसीमबानू चहा ठेवून गेली. दोघांनी बश्या उचलल्या नाहीत. चहावर साय धरली. युसूफभाईंनी चष्मा पुन्हा चढवला नाही. तो त्यांनी छत्रीशेजारी ठेवला आणि सतरंजीवरून थोडे पुढे सरकून, खिडकीच्या उजेडात तोंड येईल असे बसले.

"आलाच आहात तर नीट बघून घ्या," ते म्हणाले. "घाई नाही."

जयसिंगरावांनी बघितलं. एका भुवईतून गेलेली जुनी खूण होती. कान मोठे होते. डोळे घारे होते, हे इतक्या रविवारांत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी ती दाढी मनातल्या मनात काढून बघितली, सुरकुत्या पुसून बघितल्या, गाल भरून बघितले, डोकं भादरून त्यावर टोपी चढवून बघितली. युसूफभाई अजिबात हलले नाहीत. नुसते त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, निकाल लागायची वाट बघावी तसे.

"काही आलं?" त्यांनी विचारलं.

काही आलं नव्हतं. जयसिंगराव स्टूल पुढे ओढून पुन्हा बघू लागले.